बांधणीतल्या अठरा पट्ट्या

वॉर्साच्या राष्ट्रीय ग्रंथालयात चर्मपत्राच्या 18 पट्ट्या जपून ठेवलेल्या आहेत. कधीकाळी ही धड पाने होती. पंधराव्या शतकात एका लॅटिन पोथीची बांधणी करणाऱ्याला मजबुतीसाठी काहीतरी चिवट हवे होते. हाताशी जुनी, कुणी वाचेनाशी झालेली पाने होती. त्याने ती कापली, पट्ट्या पाडल्या आणि बांधणीत घालून टाकल्या. पोलिश भाषेतले आज हाती असलेले सर्वांत जुने गद्य या पट्ट्यांवर आहे. 25 मार्च 1890 रोजी सेंट पीटर्सबर्गच्या शाही सार्वजनिक ग्रंथालयात ते ज्यांच्या नजरेस पडले, ते अलेक्सांडर ब्रुक्नर बर्लिन विद्यापीठात स्लाव भाषा शिकवत होते. वय 34.

पोलंडमध्ये ब्रुक्नर यांचे नाव निघते ते त्यांच्या जाडजूड ग्रंथांमुळे. पोलिश वाङ्मयाचा इतिहास, भाषेचा इतिहास, व्युत्पत्तिकोश, संस्कृतीचा इतिहास, जुन्या पोलंडचा ज्ञानकोश हे सगळे एकट्या माणसाचे काम आहे. पण आज त्यांच्याविषयी विचारावा असा प्रश्न या ग्रंथांच्या जाडीशी निगडित नाही. ब्रुक्नर यांनी पीटर्सबर्गमध्ये बसून जी हस्तलिखिते वाचली आणि ज्यांतले उतारे छापले, त्यांतली बहुतेक आता राख झाली आहेत. म्हणजे हा इतिहासकार स्वतःच एक साधन होऊन बसला आहे. साधन म्हटले की त्याची पारख आलीच. साक्षीदार पाहतो कसा, घाईत असतो का, पदरचे किती घालतो, हे तपासल्याशिवाय त्याच्या शब्दावर विसंबता येत नाही.

ब्रुक्नर यांचा जन्म 29 जानेवारी 1856 चा, पूर्व गॅलिशियातला. हा मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता, आज युक्रेनमध्ये आहे. पोलंड नावाचे राज्य 1795 पासून नकाशावर नव्हतेच. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी ते आपापसांत वाटून घेतले होते. ब्रुक्नर ल्वूवला शिकले, पुढे व्हिएन्नात फ्रान्त्स मिक्लोशिच यांच्याकडे गेले. स्लाव भाषांच्या तौलनिक व्याकरणाचे ते त्या काळचे सर्वांत मोठे पंडित. 1877 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, लिथुआनियन भाषेत शिरलेल्या स्लाव शब्दांवरचे ब्रुक्नर यांचे जर्मन पुस्तक आले. बर्लिनमध्ये स्लाव भाषाशास्त्राचे अध्यासन सांभाळणारे वात्रोस्लाव यागिच 1880 मध्ये पीटर्सबर्गला गेले आणि रिकाम्या जागी 1881 मध्ये पंचविशीतल्या ब्रुक्नरांची नेमणूक झाली. 1924 मध्ये निवृत्त होईपर्यंत ते त्याच जागेवर होते आणि त्यानंतरही मरेपर्यंत बर्लिनमध्येच राहिले.

इथे जरा थांबले पाहिजे. ऑस्ट्रियाच्या राजधानीत शिक्षण, प्रशियाच्या राजधानीत नोकरी आणि रशियाच्या राजधानीत आयुष्यातला सर्वांत मोठा शोध. ज्या तीन दरबारांनी पोलंड वाटून खाल्ले, त्या तिन्हींच्या दारात हा पोलिश वाङ्मयाचा इतिहासकार घडला. यात काव्यगत न्याय शोधण्याचा मोह होतो, पण कारण साधे आहे. राज्य गेले की दप्तर जेत्याच्या घरी जाते, आणि दप्तर जिथे, तिथे इतिहासकाराला जावे लागते. ब्रुक्नर यांना पगार देत होते ते प्रशियन सरकार, आणि नेमक्या त्याच दशकांत ते आपल्या पूर्वेकडच्या प्रांतांतल्या शाळांमधून पोलिश भाषा हटवत होते. विद्यापीठातले स्लाव अध्यासन ही त्या सरकारच्या लेखी विद्येची बाब होती. त्या अध्यासनावर बसून ब्रुक्नर पोलिश वाङ्मयाचा इतिहास लिहीत राहिले, जर्मनमध्ये आणि पोलिशमध्येही.

1889-90 मध्ये बर्लिनमधून रजा घेऊन ते ग्रंथालयांच्या फेरीवर निघाले. पीटर्सबर्गला जाणे अटळच होते. आंद्जेय आणि युझेफ या झावुस्की बंधूंनी 1747 मध्ये वॉर्सात लोकांसाठी खुले केलेले प्रचंड ग्रंथालय 1794 चा उठाव मोडल्यावर रशियाने उचलून नेले होते. पीटर्सबर्गचे शाही सार्वजनिक ग्रंथालय उभे राहिले ते मुख्यतः या लुटीवर. पुढे 1830-31 चा उठावही मोडला आणि वॉर्सा विद्यापीठाच्या ग्रंथालयाची तीच गत झाली. त्या दुसऱ्या लुटीत मठांचे ग्रंथ होते. 1819 मध्ये पोलंडच्या रशियन अमलाखालील भागातले कितीतरी मठ बंद करण्यात आले, तेव्हा कोशकार सामुएल बोगुमिव लिंदे यांनी मठामठांत फिरून पोथ्या वॉर्साला आणल्या होत्या. पोथ्या वाचवण्यासाठी त्यांनी त्या एका जागी गोळा केल्या आणि त्यामुळेच त्या बारा वर्षांनी एका झटक्यात नेता आल्या.

आपल्या पट्ट्या ज्या पोथीत होत्या, ती अशीच आली. पोथीत लॅटिनमधली 'प्रेषितांची कृत्ये' आणि 'प्रकटीकरण' ही नव्या करारातली पुस्तके होती. लिंदे यांच्या हाती ती आली विसा गूरा या डोंगरावरच्या बेनेडिक्टाइन मठातून. मठात ख्रिस्ताच्या क्रुसाचा अवशेष असल्याची श्रद्धा, म्हणून मठाचे नाव पवित्र क्रूस. ब्रुक्नर यांनी आपल्या शोधाला तेच नाव दिले: 'पवित्र क्रूसाची प्रवचने'. नाव रूढ झाले, पण ते चकवणारे आहे. पंधराव्या शतकात ही पोथी आग्नेयेकडच्या लेझाइस्क गावी, पवित्र कबरीच्या संघाच्या भिक्षूंकडे होती. डोंगरावरच्या मठात ती नंतर पोहोचली. प्रवचने कुणी, कुठल्या मठासाठी रचली याचा निवाडा पोथीच्या शेवटच्या पत्त्यावरून करता येत नाही. 1934 मध्ये क्राकूवला यान वोश आणि व्वादिस्वाव सेमकोविच यांची चिकित्सक आवृत्ती निघाली, तिच्या मुखपृष्ठावरच 'तथाकथित' हा शब्द आहे. संपादकांनी पहिल्याच पानावर शोधकर्त्याशी मतभेद नोंदवून टाकला, तोही शोधकर्ता हयात असताना.

आता पट्ट्यांकडे जवळून पाहू. त्यांवर एकूण सहा प्रवचने आहेत आणि त्यांतले पूर्ण फक्त एक: संत कॅथरिनच्या सणाचे. संत मायकेल, संत निकोलस, नाताळ, तीन राजांचा सण आणि मेरीच्या शुद्धीचा सण यांवरच्या प्रवचनांचे तुकडेच उरले आहेत. लेखन दाट. चर्मपत्र महाग, त्यामुळे जागा वाया घालवायची नाही. लॅटिन लेखनिकांची संक्षेपांची पद्धत होती: शब्दातली अक्षरे गाळायची आणि वर एक आडवी रेघ किंवा खूण टाकायची. या लेखनिकाने तीच सवय पोलिशलाही लावली. लॅटिनमध्ये हे चालून जाते, कारण वाचणाऱ्याला शब्द पाठ असतो. पोलिशमध्ये तेव्हा लिहिण्याची परंपराच नव्हती, मग गाळलेले अक्षर कोणते हे ठरवायचे कशावरून? त्यात पोलिशमधल्या स, श, झ, च या ध्वनिकुळाला पुरेशी अक्षरे लॅटिन लिपीत नाहीत. एकाच अक्षराला दोन-तीन ध्वनींचे ओझे वाहावे लागते. आणि शेवटी बांधणाऱ्याची सुरी. ती जिथून गेली तिथली अक्षरे अर्धी वर, अर्धी खाली.

हे सगळे ओलांडून वाचले तर हाती येते ते ओबडधोबड मुळीच नाही. कॅथरिनवरचे प्रवचन बायबलमधल्या गीतरत्नातल्या 'ऊठ' या हाकेवर बेतलेले आहे. देव चार प्रकारच्या माणसांना उठायला सांगतो, असे प्रवचनकार म्हणतो: बसलेल्यांना, झोपलेल्यांना, पडून राहिलेल्यांना आणि मेलेल्यांना. मग एकेकाचा अर्थ लावायचा, प्रत्येकाला बायबलमधला दाखला द्यायचा. वाक्ये जोडीजोडीने चालतात आणि त्यांच्या शेवटी यमके जुळतात, म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानाचा विचार केलेला आहे. मधूनमधून लॅटिन येते आणि लगेच पोलिशमध्ये उलगडते. भाषेत भूतकाळाची अशी जुनी क्रियापदरूपे आहेत, जी नंतरच्या पोलिशमधून पार गेली. अभ्यासक हे लेखन तेराव्या शतकाच्या अखेरीस किंवा चौदाव्याच्या आरंभी घालतात. जुन्या पोलिशचा याआधीचा पुरावा म्हणजे लॅटिन दस्तऐवजांत अडकलेली माणसांची नि गावांची नावे, आणि हेन्रिकूव मठाच्या वहीत 1270 च्या सुमारास नोंदलेले एक वाक्य. एका वाक्यावरून एकदम सहा प्रवचनांवर! आणि तीही अशी, की मागे सरावलेल्या वक्त्यांची परंपरा असल्याशिवाय जमणार नाहीत. ब्रुक्नर यांचा शोध एवढा मोठा ठरला तो पट्ट्या जुन्या आहेत म्हणून, पण त्याहूनही अधिक त्यांतले गद्य घोटीव आहे म्हणून. पोलिश लिखाणाची सुरुवात अडखळत झाली असेल, ही सोयीची समजूत त्या गद्याने मोडली.

ब्रुक्नर यांनी मजकूर दाबून ठेवला नाही. वर्षभरात, 1891 मध्ये, वॉर्साच्या 'प्रात्से फिलोलोगिच्ने' या नियतकालिकात तो छापून मोकळे झाले. अशी घाई काही विद्वानांना खटकते. मला ती त्यांच्या स्वभावाची किल्ली वाटते. ते पोथीवर वर्षानुवर्षे बसून राहणाऱ्यांपैकी नव्हते. वाचायचे, लिहून घ्यायचे, छापायचे आणि पुढच्या पोथीकडे वळायचे. त्या एका फेरीत जमवलेल्या सामग्रीवर पुढची दहा-बारा वर्षे पुस्तके निघत राहिली. 1892 ते 1894 मध्ये पोलंडमधल्या मध्ययुगीन लॅटिन काव्यावर तीन भाग आले, 1895 पासून मध्ययुगीन प्रवचनांवरचे लेखन, 1902 ते 1904 मध्ये धार्मिक वाङ्मयावर तीन खंड. क्राकूवच्या अकादमीच्या ग्रंथमालांमध्ये यांतले पुष्कळसे आहे. रूप साधारण सारखेच: अमुक पोथी, तिच्यात अमुक, आणि मग उतारे. लॅटिन प्रवचनाच्या कडेला किंवा ओळींच्या मध्ये कुणा पाद्र्याने अवघड शब्दाचा पोलिश अर्थ खरडलेला असतो. एरवी कुणी ढुंकून पाहणार नाही असे ते शब्द ब्रुक्नर वेचून काढतात.

मोठ्या ग्रंथांमध्ये याच घाईचा जाच होतो. 1903 चा वाङ्मयेतिहास आणि 1906 चा भाषेचा इतिहास वाचनीय आहेत, ठाम आहेत आणि जागोजागी भांडखोरही आहेत. 1927 चा व्युत्पत्तिकोश तर कोश असूनही वादाचा आखाडा आहे. नोंदीच्या मध्येच ते आधीच्या विद्वानाचे मत उडवून लावतात आणि आपल्या मताला आधार काय, हे बहुधा सांगत नाहीत. 1930 च्या दशकातल्या संस्कृतीच्या इतिहासातही तळटिपा शोधाव्यात तर हाती काही लागत नाही. इतके वाचलेला माणूस संदर्भ देत नसेल तर पुढच्या अभ्यासकाने काय करायचे? त्याने वाचलेले सगळे पुन्हा वाचायचे, दुसरा इलाज नाही. ब्रुक्नर यांच्या विद्वत्तेपुढे मान तुकवणाऱ्यांनीही ही तक्रार केलेली आहे आणि ती रास्त आहे. त्यांचे समर्थन करायचे तर एवढेच म्हणता येईल, की ते सिद्धांत मांडताना बेफिकीर होते, उतारा देताना तितके नव्हते. या दोन कामांना वेगवेगळी शिस्त लागते आणि एकाच माणसात एक असून दुसरी नसू शकते.

पण हे म्हणायला आधार काय? इथे पट्ट्या कामाला येतात.

त्यांचा पुढचा प्रवास थोडक्यात असा. 1918 मध्ये पोलंड पुन्हा उभा राहिला. सोव्हिएत रशियाशी युद्ध झाले आणि 18 मार्च 1921 च्या रीगा तहात एक कलम घातले गेले: 1772 पासून पोलंडमधून नेलेला सांस्कृतिक ठेवा परत करायचा. त्यानुसार हजारो हस्तलिखिते परतली, आणि 1925 मध्ये ही पोथीही. सप्टेंबर 1939 मध्ये जर्मनीने हल्ला केला तेव्हा अगदी मोजक्या अमोल वस्तू वॉर्साहून बाहेर काढण्यात आल्या. पट्ट्या त्यांत होत्या, फ्लोरियनचे स्तोत्रसंहितेचे सचित्र हस्तलिखित होते, शोपँच्या स्वरलिपी होत्या. रोमानियात या पेट्यांची गाठ क्राकूवच्या वावेल किल्ल्यातल्या भित्तिपटांशी पडली. मग फ्रान्स, इंग्लंड आणि जुलै 1940 मध्ये 'बातोरी' या जहाजातून कॅनडा. युद्ध संपल्यावर वॉर्सातले कम्युनिस्ट सरकार हा ठेवा मागत राहिले, आणि निर्वासित सरकारशी निष्ठा असलेले रखवालदार तो देईनात. पट्ट्या ओटावातल्या बँकेच्या तिजोरीतून घरी आल्या त्या 1959 मध्ये.

जे मागे राहिले त्याची कथा सांगायला कमी शब्द पुरतात. जर्मन अमलात वॉर्सातल्या ग्रंथालयांची हस्तलिखिते आणि दुर्मिळ ग्रंथ ओकूल्निक रस्त्यावरच्या क्राशिन्स्की ग्रंथालयाच्या इमारतीत एकत्र ठेवण्यात आले. 1944 चा वॉर्साचा उठाव 2 ऑक्टोबरला शरणागतीने संपला. लढाई थांबलेली असताना त्याच महिन्यात जर्मन तुकड्यांनी त्या इमारतीला आग लावली. पीटर्सबर्गहून परत मिळवलेल्या झावुस्की संग्रहाच्या हस्तलिखितांचा बहुतांश भाग त्यात गेला. सव्वाशे वर्षे परमुलखात राहून सुखरूप असलेल्या पोथ्या मायदेशी परतल्यावर वीस वर्षांत संपल्या.

ब्रुक्नर यांना हे पाहावे लागले नाही. 24 मे 1939 रोजी, वयाच्या 83 व्या वर्षी, बर्लिनमध्येच त्यांचा मृत्यू झाला होता. जुन्या पोलंडच्या ज्ञानकोशाचे छपाईचे काम त्याच सुमारास पुरे होत होते. कोशाची चित्रसामग्री तरुण कलेतिहासकार कारोल एस्त्राइखर यांनी जमवली होती. 6 नोव्हेंबर 1939 रोजी जर्मनांनी क्राकूवच्या प्राध्यापकांना व्याख्यानाच्या निमित्ताने एकत्र बोलावून पकडले. एकूण 183 जण धरले गेले आणि त्यांतल्या बहुतेकांना बर्लिनजवळच्या साक्सेनहाउझेन छळछावणीत धाडण्यात आले. एस्त्राइखर यांचे वडील, कायद्याचे इतिहासकार स्तानिस्वाव, डिसेंबरात तिथे गेले. वाङ्मयेतिहासकार इग्नात्सी ख्शानोव्स्की जानेवारी 1940 मध्ये गेले. ज्या शहरात ब्रुक्नर यांनी चार दशके पोलिश वाङ्मय शिकवले, त्याच्या वेशीवर पोलिश वाङ्मयाचे प्राध्यापक मेले. धाकटे एस्त्राइखर निसटले आणि युद्धानंतर जर्मनीतून पोलिश कलाकृती परत आणण्याचे काम त्यांनी केले. न्युरेंबर्गला नेलेली क्राकूवची प्रसिद्ध लाकडी वेदी 1946 मध्ये परतली ती त्यांच्या खटपटीमुळे.

आता पारख. ब्रुक्नर यांनी पीटर्सबर्गमध्ये वाचलेल्यांपैकी पट्ट्या शिल्लक आहेत आणि त्यांचे 1891 चे छापील वाचनही आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात. 1934 च्या आवृत्तीने ते केले. तिचे एक संपादक वोश 1928 मध्येच वारले होते, काम सेमकोविच यांनी तडीस नेले. 2009 मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाने काढलेल्या नव्या आवृत्तीने ते पुन्हा केले. या संपादकांनी ब्रुक्नर यांची बरीच वाचने बदलली. बदल कशाचे आहेत हे महत्त्वाचे. कुठे संक्षेप कसा सोडवायचा, कुठे सुरीने कापलेल्या अक्षराचे काय करायचे, कुठे शब्द कुठून तोडायचा. म्हणजे ज्या जागा मुळातच अवघड आहेत, तिथे. प्रवचनांचा गाभा 1891 मध्ये होता तोच राहिला. जिथे चर्मपत्र स्पष्ट बोलते तिथे ब्रुक्नर ते नीट ऐकतात; जिथे ते गप्प आहे तिथे अंदाज करतात आणि तो ठोकून देतात.

हा निष्कर्ष जळालेल्या पोथ्यांना लावताना दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले असे, की ओकूल्निकला जळालेल्या पोथ्यांतले जे शब्द फक्त ब्रुक्नर यांच्या छापील उताऱ्यात आहेत, ते शब्द होते एवढे मान्य करायचे. पण त्यांच्या नेमक्या लेखनावर, एखाद्या स्वरावर, फार मोठा डोलारा उभारायचा नाही. दुसरे असे, की ब्रुक्नर यांनी काय घेतले नाही, तेही लक्षात ठेवायचे. ते वेचक होते. पोलिश शब्दांसाठी त्यांनी लॅटिन प्रवचने चाळली, तेव्हा भोवतीचे लॅटिन बहुतेक वेळा सोडून दिले. शब्द उरला, पण तो ज्या वाक्यावर खरडला होता ते वाक्य जळाले. तेव्हा त्यांना हे सुचणे शक्य नव्हते. पोथी ग्रंथालयात होती. कुणालाही जाऊन पाहता आली असती. उतारा म्हणजे पोथीकडे जाण्याची खूण, अशाच समजुतीने त्या काळचा अभ्यासक उतारा करत असे.

जुन्या पोलिशचा मोठा कोश क्राकूवला 1953 ते 2002 या काळात 11 खंडांत पुरा झाला. त्यात प्रत्येक शब्दामागे साधनाची खूण असते. पंधराव्या शतकातल्या कितीतरी शब्दांपुढे वर्ष पोथीचे असते आणि पुढची खूण क्राकूवच्या अकादमीच्या त्या जुन्या ग्रंथमालेची, म्हणजे ब्रुक्नर यांच्या उताऱ्यांची. कोशकारांनी त्या पोथ्या पाहिलेल्या नाहीत, कारण पाहायला त्या नव्हत्या. कोशाच्या नियमाप्रमाणे ही खूण पोथीच्या जागी धरली जाते, आणि शंका आली तर अभ्यासक 1890 च्या दशकातले ते पिवळे पडलेले खंड उघडून ब्रुक्नर यांनी त्या जागी नेमके काय छापले होते ते पाहतात.